उन्हाळ्याच्या आत नळ बदला

ज्या सोसायटीत मार्च उजाडताच टँकरचा हिशेब सुरू होतो, ज्या हॉटेलच्या मागच्या मोरीत रबरी नळी दिवसभर वाहत असते, ज्या मंगल कार्यालयात पंगत उठून गेली तरी हात धुवायचे दोन-तीन नळ चालूच राहिलेले असतात, त्या सगळ्यांसाठी हे आवाहन आहे. आपल्या इमारतीतले नळ, फ्लश आणि शॉवर होळीच्या आत तपासून घ्या आणि जिथे पाणी वाया जातं ते बदला. धरणात साठा आहे तोवरच हे काम सवडीने होतं. पाणीकपात जाहीर झाली की प्लंबर हाताशी लागत नाही आणि टँकरवाला सांगेल तो दर मान्य करावा लागतो.

‘पाणी जपून वापरा’ हे आपण शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो. ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही. सकाळी सातला डबा, शाळेची बस आणि ऑफिस एकाच वेळी अंगावर येतात तेव्हा नळ किती सोडायचा याचा विचार कोणीही करत नाही, आणि घरातल्या बाईने तेवढं भानही आपणच ठेवावं ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. खरं तर किती पाणी जाणार हे नळ बसवला त्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. म्हणून उपदेशापेक्षा पाना-पकड हातात घेण्यावर माझा भर आहे.

सुरुवात बेसिनपासून करा. एक लिटरची रिकामी बाटली घ्या, नळ रोज सोडता तेवढाच सोडा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. बाटली पाच सेकंदांत भरली तर तो नळ मिनिटाला १२ लिटर पाणी ओततो. आता त्याच नळाच्या तोंडाला मिनिटाला ४ लिटरची जाळी बसवा. आपले प्लंबर तिला फोम-फ्लो म्हणतात, दुकानात एरेटर म्हणून मागा. तीच बाटली भरायला पंधरा सेकंद लागतील. पाण्यात हवा मिसळल्यामुळे धार भरीव लागते, हात तितकेच स्वच्छ होतात, साबणही निघतो. काही जाळ्या हाताने फिरवूनच बसतात. वरच्या मजल्यावर, गच्चीच्या टाकीच्या जवळ, दाब मुळातच कमी असतो. तिथे कमी दाबावर चालणारी जाळी घ्यावी, नाहीतर चार दिवसांत वैतागून काढून टाकाल. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर तिच्यावर क्षार बसतात. महिन्या-दोन महिन्यांनी काढून रात्रभर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये ठेवली की ती मोकळी होते.

आंघोळीची बादली भरायच्या नळाला मात्र जाळी लावू नका. बादली जेवढी आहे तेवढीच भरणार, फक्त वेळ जास्त लागणार. जाळीचा उपयोग जिथे पाणी वाहतं ठेवून काम होतं तिथे, म्हणजे बेसिनला आणि स्वयंपाकघरातल्या सिंकला. शॉवर बदलताना घरात गॅसचा गीझर असेल तर आधी त्याची पुस्तिका बघा. धार फार बारीक झाली तर असे गीझर पेटत नाहीत.

पण घरातलं सगळ्यांत मोठं भगदाड संडासात आहे. जुन्या फ्लशच्या टाक्या एका वेळी १० ते १२ लिटर पाणी सोडतात, आणि लघवीनंतरही तेवढंच. चार माणसांच्या घरात दिवसाला वीस वेळा फ्लश झाला असं धरा, तर १० लिटरच्या टाकीने २०० लिटर गेले. दोन बटणांची टाकी मोठ्या बटणाला ६ आणि लहान बटणाला ३ लिटर घेते. वीसपैकी चार वेळा मोठं आणि सोळा वेळा लहान बटण दाबलं तर ७२ लिटर लागतात. म्हणजे रोज १२८ लिटर वाचले. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर असं सरकारी माप आहे. जवळपास एका माणसाचं दिवसभराचं पाणी आपण एका घरात नुसतं फ्लशमधून घालवतो.

इथे घाई करून नुकसान करून घेऊ नका. जुनं भांडं दहा लिटरच्या झोताने साफ व्हावं अशाच घडणीचं असतं. त्यावर लहान टाकी बसवली तर दोनदा फ्लश करावं लागतं आणि बचत तिथेच संपते. बाथरूमचं काम काढणार असाल तर भांडं आणि टाकी जोडीनेच बदला. तेवढा खर्च आत्ता झेपत नसेल तर निदान टाकीच्या आतली यंत्रणा अर्ध्या फ्लशची करून घ्या.

आणि गळती. रात्री निजण्याआधी फ्लशच्या टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर तळाचं रबर गेलं आहे. ही गळती कानाला ऐकू येत नाही म्हणून वर्षानुवर्षं चालते. नळाचा एक थेंब पाव मिलिलिटरचा धरला आणि सेकंदाला एक थेंब पडत असला, तर दिवसाला २१ लिटरच्या वर पाणी जातं, आणि त्याला कारण असतो काही रुपयांचा वॉशर. मीरा रोडला राहणारे लेखक-चित्रकार आबिद सुरती यांनी २००७ पासून हेच काम हाती घेतलं. रविवारी एक प्लंबर बरोबर घ्यायचा, इमारतीतल्या घराघरांत जायचं आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. साहित्यासाठी मिळालेल्या पुरस्काराच्या रकमेतून त्यांनी सुरुवात केली. सत्तरी ओलांडलेल्या एका माणसाला जे सुचलं ते शेकडो फ्लॅट आणि दरमहा गोळा होणारी वर्गणी असलेल्या सोसायट्यांना का सुचू नये?

त्याचं एक कारण आपल्या बिलात दडलं आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा आकार फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार पाहून वाटला जातो, प्रत्यक्ष वापर पाहून नाही. ज्याच्या घरी टाकी रात्रभर गळते तो आणि जो तांदूळ धुतलेलं पाणीही झाडांना घालतो तो, दोघे सारखेच पैसे भरतात. फ्लॅटनिहाय मीटर बसवणं जुन्या इमारतीत किचकट असतं, कारण एकाच घरात बाथरूमचं आणि स्वयंपाकघराचं पाणी वेगवेगळ्या उभ्या पाइपांतून येतं. म्हणून मीटरची वाट बघत बसू नका. सर्वसाधारण सभेत ठराव घ्या, एका खेपेत सगळ्या घरांच्या जाळ्या आणि वॉशर सोसायटीच्या खर्चाने बदला. एका महिन्याचं टँकरचं बिल काढून सभेपुढे ठेवलंत तर फारसा वाद होणार नाही.

मोठ्या वापराच्या जागांवर तर सवलतीचा प्रश्नच नसावा. मुताऱ्यांमध्ये दर काही मिनिटांनी आपोआप सुटणारं पाणी मॉल बंद झाल्यावरही रात्रभर सुटत राहतं. हॉटेलच्या मोरीत वाहत्या नळीऐवजी दाबल्यावरच सुटणारी पिचकारी बसवता येते. मंगल कार्यालयं, वसतिगृहं, दवाखाने इथे दाबायचे नळ हवेत, जे हात काढल्यावर काही सेकंदांत स्वतःच बंद होतात. बंगळुरूने २०२४ च्या मार्चमध्ये, बोअरवेल आटल्यावर, व्यापारी जागांना एरेटर सक्तीचे केले आणि पिण्याच्या पाण्याने गाड्या धुतल्यास ५,००० रुपये दंड लावला. मुदत होती थोड्या दिवसांची. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतल्यासारखंच होतं ते, पण त्यातून एवढं सिद्ध झालं की प्रशासनाने मनात आणलं तर हा नियम करता येतो.

नियमांचा पाया आपल्याकडे घातलेला आहे. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७६५० हे मानक २०२१ मध्ये आलं. भांडी, टाक्या, नळ, शॉवर पाणीबचतीच्या कसोटीवर कसे पारखायचे ते त्यात सांगितलं आहे. केंद्राच्या गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाने २०२२ मध्ये ‘भारत टॅप’ हा उपक्रम जाहीर केला. २०,००० चौरस मीटरहून मोठ्या बांधकामांना मिळणाऱ्या पर्यावरण मंजुरीत कमी पाण्याचे फ्लश आणि नळ बसवण्याची अट नेहमी घातली जाते. अट कागदावर राहते ती तपासणीअभावी. भोगवटा प्रमाणपत्र देताना लिफ्ट आणि अग्निशमन पाहिलं जातं. नळाखाली बाटली धरून कोण पाहतं? अमेरिकेत घरगुती नवा फ्लश सुमारे ६ लिटरच्या आत असला पाहिजे, हा नियम १९९४ पासून लागू आहे. तिथे प्रत्येक घरमालकाला समजवत बसावं लागलं नाही, कारखान्यातूनच तसा माल येऊ लागला.

शेतीला इतकं पाणी लागतं, मग शहरातल्या नळांमागे कशाला लागता, असं मला विचारलं जातं. पुण्यापुरतं उत्तर सरळ आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून शहर पितं आणि त्याच पाण्यातून कालव्याने दौंड-इंदापूरची शेती भिजते. शहराने जास्त उचललं की उन्हाळी आवर्तनावर गदा येते. शिवाय घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं धरूनच गटारांची आखणी होते. वाया गेलेलं पाणीही मुळा-मुठेच्याच वाट्याला जातं.

लातूर आपण विसरू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेत सुमारे ५ लाख लिटर होतं. वरचा फ्लशचा हिशेब पुढे नेऊन पाहा. शंभर घरांच्या सोसायटीत रोज १२,८०० लिटर वाचतात, म्हणजे अशा चाळीस सोसायट्यांत रोज ५ लाख लिटरच्या वर. चाळीस सोसायट्या एका उपनगरात सहज सापडतील.

तेव्हा या आठवड्यात इतकं कराच. सेक्रेटरींना भेटा आणि जिन्यातल्या फलकावर निळीच्या चाचणीची सूचना लावायला सांगा. प्लंबर बंधूंनो, गिऱ्हाइकाने मागितलं नाही तरी जाळी आणि दोन बटणांची टाकी आधी दाखवा. लोक तुमच्या शब्दावर माल घेतात. नवं घर घेणाऱ्यांनी बिल्डरकडे पर्यावरण मंजुरीचं पत्र मागावं आणि त्यातली नळांची अट बोट ठेवून वाचून दाखवावी. आणि प्रत्येक सोसायटीने आपल्या वॉर्ड ऑफिसात एक लेखी अर्ज द्यावा. हॉटेल आणि मंगल कार्यालयाच्या परवान्याचं नूतनीकरण करताना, तसंच भोगवटा प्रमाणपत्र देताना, नळ आणि फ्लश प्रत्यक्ष मोजले जावेत, एवढी एकच मागणी त्यात असू द्या. अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसरीवर शिक्का, तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.