बेस्टची बस आणि तिचा धनी

मुंबईकर नागरिकांच्या सामाईक मिळकतीची यादी कोणी करू लागल्यास बेस्टच्या बसगाड्यांचे नाव तीत बरेच वर घालावे लागेल. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने हा उपक्रम खासगी कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतला. तेव्हापासून न्यायाने पाहता बसमध्ये दांडीला धरून उभा राहणारा उतारू हाच त्या गाडीचा धनी होय. परंतु या धन्याची व्यवहारातील स्थिती अशी आहे की, गाडी केव्हा येणार, कोणता मार्ग चालू राहणार व कोणता बंद पडणार, तिकिटास किती पैसे मोजावे लागणार, हे सर्व त्याला सगळ्यांच्या शेवटी कळते. ९ मे २०२५ पासून साध्या गाडीचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले व वातानुकूलित गाडीचे सहाचे बारा झाले. ही वाढ योग्य की अयोग्य याचा विचार पुढे करूच. पण ज्याच्या खिशातून हे पैसे जावयाचे त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची काही रीत आपल्या शहरात आहे काय, हा प्रश्न त्याआधीचा आहे, आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे.

या उपक्रमाची परंपरा लहानसहान नाही. १८७४ च्या मे महिन्यात घोड्यांची ट्राम मुंबईत धावू लागली. १९०७ साली ती विजेवर चालू लागली. आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस निघाली. १९६४ साली ट्राम गेली, पण तिची जागा बसने अशी भरून काढली की, इतर शहरांतील लोकांनी मुंबईच्या बसरांगेचे उदाहरण आपापल्या गावी सांगावे. गाडीच्या कपाळावर मराठी आकडा, थांब्यावर शिस्तीची रांग आणि सुटे पैसे मोजून देणारा वाहक, एवढ्या तीन गोष्टींनी या शहरास नागरिकपणाचे जे शिक्षण दिले, ते पुष्कळ शाळांनीही दिले नसेल. अशा संस्थेची आज ओढाताण होत असता स्वस्थ बसणे हे कृतघ्नपणाचे लक्षण ठरेल.

ओढाताण किती आहे, हे आकड्यांवरून पाहावे. २०१० च्या सुमारास बेस्टपाशी चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ साली ही संख्या तीन हजारांच्याही खाली उतरली. आणि तीतही उपक्रमाच्या स्वतःच्या गाड्या थोड्या व ठेकेदारांकडून भाडेतत्त्वावर घेतलेल्या अधिक. केंद्र सरकारच्या नगरविकास खात्याने शहरी वाहतुकीचे जे मानदंड ठरविले आहेत, त्यांत दर हजार लोकांमागे ०.६ गाड्या, म्हणजे लाखामागे ६० गाड्या, हे प्रमाण उत्तम सेवेचे मानले आहे. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे बृहन्मुंबईची वस्ती सुमारे १ कोटी २४ लाख होती. त्रैराशिक मांडणे कठीण नाही: साडेसात हजारांच्या आसपास गाड्या हव्यात, आणि आहेत त्याच्या निम्म्याहूनही कमी. थांब्यावर तिष्ठत उभ्या असलेल्या माणसाची सारी कहाणी या एका वजाबाकीत आली.

या अवनतीचा सर्व दोष कारभाऱ्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. विजेच्या खात्यातील शिलकीने बसच्या खात्यातील तूट भरून काढावी, अशी या उपक्रमाची जुनी वहिवाट होती. २००३ च्या वीजकायद्यानंतर ही वाट अरुंद होत गेली. रस्ते खासगी मोटारींनी भरले, गाडीचा वेग मंदावला. वेग मंदावला म्हणजे तीच गाडी दिवसाकाठी कमी फेऱ्या करणार, आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणजे खर्च तोच राहून उत्पन्न घटणार, हे उघड आहे. रिक्षा व टॅक्सी यांत वाटेकरी मिळवून जाण्याची सोय झाल्याने जवळचा उतारू तिकडे वळला. हे सारे खरे. तथापि रोग्यास न विचारता औषध द्यावे आणि गुण आला नाही म्हणून रोग्यासच दोष द्यावा, असा जो प्रकार चालला आहे, त्याचे समर्थन या कारणांनी होत नाही.

उतारूस विचारले नाही तरी तो आपले मत देतच असतो. फक्त ते पायांनी देतो. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे आठाचे पाच रुपये करण्यात आले, तेव्हा वीस लाखांच्या आसपास उतरलेली रोजच्या उतारूंची संख्या काही महिन्यांत तीस लाखांच्या घरात गेली. लोकांस बस नको आहे, ही समजूत किती पोकळ होती, हे त्या एका प्रयोगाने सिद्ध झाले. परंतु त्या प्रयोगाचा दुसरा भाग, म्हणजे वाढत्या गर्दीच्या मानाने गाड्या वाढविणे, हा अपुराच राहिला. दुकानदाराने भाव उतरवावा, गिऱ्हाईकांची रीघ लागावी, आणि नेमका तेव्हाच माल भरण्याचे राहून जावे, असे हे झाले. आमच्या व्यापारी वाचकांस याचा परिणाम सांगावयास नको: आलेले गिऱ्हाईक एकदा रिकाम्या हाताने परतले म्हणजे पुढच्या खेपेस ते दुसरी पेढी गाठते.

आता भाड्याने घेतलेल्या गाड्यांविषयी. या पद्धतीत गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, आणि बेस्टने त्यास दर किलोमीटरमागे ठरलेली रक्कम द्यावयाची. भांडवल न घालता नव्या गाड्या रस्त्यावर येतात, हा तिचा गुण नाकबूल करता येत नाही. पण ऑगस्ट २०२३ मध्ये या गाड्यांच्या चालकांनी पगारासाठी काम बंद ठेवले, तेव्हा हाल झाले ते उतारूंचे. परवडत नाही म्हणून एकाहून अधिक ठेकेदारांनी मध्येच अंग काढून घेतले, तेव्हाही ओस पडले ते थांबेच. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यास विजेवर चालणारी अशीच एक गाडी गर्दीत शिरून जो प्राणघात झाला, त्याने चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न रक्ताच्या अक्षरांनी लिहून ठेवला. ठेका दिला म्हणजे काम दिले. जबाबदारी दिली असे होत नाही. उतारू हात दाखवितो तो बेस्टच्या लाल रंगास, ठेकेदाराच्या करारपत्रास नव्हे.

भाडेवाढीचा हिशोबही येथेच पाहून टाकू. एखादा कारकून घरून स्टेशनापर्यंत व पलीकडे स्टेशनापासून कचेरीपर्यंत अशा जातायेता चार फेऱ्या बसने करतो असे धरा. किमान भाड्याने त्यास रोज वीस रुपये पडत, ते आता चाळीस पडतात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पाचशेचे हजार झाले. नवरा-बायको दोघेही कामावर जाणारी असली तर हाच भार दुणावला. पासाने यातील काही ओझे हलके होते हे खरे. परंतु ज्याची कमाई रोजच्या रोज हाती येते, त्यास महिन्याचा पास एकदम काढणे जमत नाही. म्हणून जो सर्वांत गरीब, त्यासच सर्वांत महाग प्रवास पडावा, अशी ही उलटी गंगा आहे.

यावर कारभाऱ्यांचे उत्तर असे की, इंधन महागले, पगार वाढले, तूट वाढली. पैसे आणावयाचे कोठून? प्रश्न रास्त आहे. २०१९ पासून महापालिकेने उपक्रमास हजारो कोटी रुपये दिले आहेत, हेही आम्ही विसरत नाही. ज्या महापालिकेच्या ठेवी २०२४ साली ऐंशी हजार कोटींच्या घरात होत्या, तिने याहून सढळ हात सोडावा की न सोडावा, याविषयी मतभेद होऊ शकेल. कारण त्या ठेवींतून रस्ते, नाले, रुग्णालये यांचीही कामे व्हावयाची आहेत. परंतु मतभेद आहे म्हणूनच तो उघड सभेत मांडला जावा, दोन्ही बाजूंचे आकडे लोकांसमोर यावेत, आणि मग निर्णय व्हावा. गाडी दिली, मग भाडे वाढविले, तर लोक कुरकुरत का होईना पैसे देतील. गाडी मात्र कमी आणि भाडे दुप्पट, हा सौदा कोणत्याही बाजारात पटणारा नाही.

आणि येथे एक चमत्कारिक विसंगती आमच्या वाचकांच्या नजरेस आणावीशी वाटते. बेस्ट ही एकच संस्था एका हाताने वीज विकते व दुसऱ्या हाताने बस चालविते. विजेचा दर वाढवावयाचा झाला तर तिला राज्य वीज नियामक आयोगापुढे अर्ज करावा लागतो. तो प्रसिद्ध करावा लागतो. ग्राहकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. जाहीर सुनावणी होते. आणि आयोगास सकारण निर्णय द्यावा लागतो. वीजग्राहकाचे गाऱ्हाणे ऐकण्यास कायद्याने स्थापिलेला मंच आहे व त्याच्यावर लोकपालही आहे. बसभाड्यास प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते हे खरे, पण त्यापूर्वी उतारूंची अशी उघड सुनावणी घेण्याची पद्धत रूढ नाही. घरात दिवा लावणाऱ्यास जो अधिकार आहे, तो त्याच संस्थेच्या गाडीत बसणाऱ्यास का नसावा? आमच्या समजुतीने याचे सयुक्तिक उत्तर कोणापाशीही नाही.

कोणी म्हणेल की, लोकांनी निवडलेले नगरसेवक व त्यांची बेस्ट समिती हीच लोकांची सुनावणी होय. तत्त्वतः ते बरोबर आहे. परंतु मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. २०२५ ची भाडेवाढ त्याच काळातली. समिती नसेल तेव्हा उतारूस तोंडच राहत नाही, हे या अनुभवाने कळून चुकले. आणि समिती असते तेव्हाही तीत नित्य बसने जाणारे किती असतात, हे सांगण्याची गरज नाही.

परदेशची नक्कल करावी असे आमचे म्हणणे नाही. पण चांगले दिसेल ते पाहण्यास हरकत नसावी. लंडन शहरात उतारूंची बाजू मांडण्यासाठी कायद्याने स्थापिलेली एक स्वतंत्र संस्था आहे, आणि बसमार्गांत मोठा बदल करण्यापूर्वी लोकांची मते मागविण्याचा तेथे परिपाठ आहे. २०२२ साली पैशाच्या टंचाईमुळे मध्य लंडनमधील अनेक मार्ग बंद करण्याची योजना तेथील वाहतूक खात्याने मांडली. हजारो लोकांनी लेखी मते कळविली. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तेथील महापौरांनी अधिक पैशाची तरतूद करून त्यातील बहुतेक सूचना मागे घेतल्या. आपल्याकडेही लोकांस हाक दिली तर ते येत नाहीत असे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये डिझेलवर चालणारी शेवटची जुनी दुमजली गाडी रस्त्यावरून निघाली, तेव्हा तिला हार घालून निरोप देण्यास मुंबईकर आपणहून जमले होते. ज्या लोकांस जाणाऱ्या गाडीविषयी एवढा जिव्हाळा, त्यांस येणाऱ्या गाडीविषयी सांगण्यासारखे काहीच नसेल काय?

तेव्हा कर्तव्य काय, ते थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट, भाडे वाढविण्यापूर्वी वा मार्ग बंद करण्यापूर्वी निदान एक महिना आधी थांब्यावर व वर्तमानपत्रांत मराठीत सूचना लागावी, जाहीर सुनावणी व्हावी, आणि कोणती हरकत का मानली वा का मानली नाही, हे लेखी प्रसिद्ध व्हावे. दुसरी, प्रत्येक आगारात महिन्यातून एकदा व्यवस्थापकाने ठरल्या वेळी उतारूंस भेटावे. मागील सभेत आलेल्या तक्रारींचे काय झाले ते सांगूनच नव्या ऐकाव्यात. तिसरी, रोज किती गाड्या निघावयाच्या होत्या, प्रत्यक्ष किती निघाल्या, किती वाटेत बंद पडल्या, हा मार्गवार तपशील लोकांपुढे ठेवावा. गाडी कोठे आहे हे हातातील फोनवर दाखविण्याची सोय झालीच आहे, तेव्हा माहितीचा तुटवडा आहे असे आता म्हणता येणार नाही. चौथी, ठेकेदाराचा करार, चालकांच्या प्रशिक्षणाच्या अटी व दंडाची कलमे उघड असावीत. पाचवी, ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण खुली झाली; तिच्या प्रत्येक स्थानकापासून वस्तीपर्यंत लहान गाड्यांच्या नेमाने फेऱ्या असाव्यात; नाहीतर इतक्या खर्चाची मेट्रो दारापर्यंत येऊनही उंबरा ओलांडणार नाही.

हे झाले कारभाऱ्यांचे कर्तव्य. परंतु आपल्या वर्गाविषयी दोन शब्द न बोलता लेखणी खाली ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. शिकलेल्या व सुखवस्तू मुंबईकराने पहिली मोटार घेतली त्या दिवशी बसचा रामराम घेतला, आणि त्यानंतर बसचे काय झाले याची चौकशी केली नाही. ज्यांना अर्ज लिहिता येतो ते बसने जात नाहीत, आणि जे बसने जातात त्यांना अर्ज लिहिण्यास सवड नाही. या दुफळीतच उपक्रमाची दुर्दशा वाढली. व्यापारी बंधूंनाही आमचे सांगणे आहे की, दुकानापुढे गिऱ्हाइकाची मोटार उभी राहते म्हणून आपण संतुष्ट असतो. पण त्याच मोटारीमागे साठ माणसांची बस अडकून पडते, आणि त्या साठांत आपला नोकर व आपली दहा गिऱ्हाइके असतात. बससाठी रस्त्याची एक पट्टी राखून ठेवण्याची गोष्ट निघाली म्हणजे पहिला विरोध बाजारपेठेतून होतो, हे आपल्या हिताच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नव्हे.

महिन्यातून चार दिवस तरी बसने जावे. जे दिसेल ते तारीख, वेळ व गाडीच्या क्रमांकासह लिहून आगारास कळवावे. आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकास बसविषयी त्याने काय केले, हे वर्षातून एकदा उघड सभेत विचारावे. मिळकत सामाईक असली म्हणजे तिची राखण कोणीच करीत नाही, हा आपला जुना दोष आहे. बेस्टच्या बाबतीत तो आणखी काही वर्षे तसाच चालला, तर पुढच्या पिढीस लाल बस संग्रहालयात तेवढी पाहावयास मिळेल, आणि थांब्यावर तिष्ठणाऱ्या गरिबास मात्र संग्रहालय कामावर पोहोचविणार नाही.