दुसरा पक्षी आणण्यापूर्वी

कॉलेजात माझी ओळख 'पक्षीवाली' अशी होऊन बसली आहे. त्यामुळे वर्षातून तीन-चार वेळा तरी कुणी ना कुणी मला व्हरांड्यात गाठते आणि एकच प्रश्न विचारते, "आमच्याकडे एक कॉकॅटील आहे. दुसरा आणू का?" विचारणाऱ्याला 'हो, आण' एवढेच ऐकायचे असते. माझे उत्तर मात्र लांबते आणि तेवढ्यात तासाची घंटा होते. म्हणून म्हटले, एकदाचे ते मासिकातच लिहून टाकावे.

माझे मत असे की, कॉकॅटील एकटा पाळणे हा त्या पक्ष्यावर अन्याय आहे. पण दुसरा आणला की त्या अन्यायाचे परिमार्जन झाले, असे मात्र मुळीच नाही. हे मत मी पुस्तकात वाचून बनवलेले नाही. त्यासाठी आमच्या घरी एका पक्ष्याचा जीव गेला आहे.

आमचा बंड्या आला २०२० च्या टाळेबंदीत. मी तेव्हा दहावीला होते. शाळा बंद, बाबांचे ऑफिस घरात, आई घरात, आजी तर घरातच. बाबांनी कुठेसा मोबाईलवर शीळ घालणारा पक्षी पाहिला आणि एका दुकानातून राखाडी अंगाचा, पिवळ्या तोंडाचा, गालावर नारिंगी टिकली असलेला हा प्राणी घरी आणला. दुकानदाराने बजावले होते, "एकच न्या साहेब. दोन नेलेत तर माणसाला विचारणार नाहीत." हे वाक्य मी पुढे अनेकांच्या तोंडून ऐकले. ते खोटे नाही, हीच तर त्यातली मेख आहे. एकटा पक्षी माणसाला लवकर लळा लावतो, कारण लळा लावायला त्याच्यापाशी दुसरे कुणीच नसते.

दीड वर्ष बंड्याची चैन होती. कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर बसावे, कुकरच्या शिट्टीची नक्कल करावी, आजीच्या जपात व्यत्यय आणावा. मग शाळा-कॉलेजे उघडली, बाबांचे ऑफिस भरू लागले, आजी काकांकडे गेली, आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच घरात बंड्या व भिंती एवढेच उरले. त्याच्या ओरडण्याची तक्रार शेजारच्या अक्कांनी पहिल्याने केली. तक्रार तरी कशी म्हणावी! त्या म्हणाल्या, "पापा, ओंटी हक्की!" ज्यांना कन्नड येत नाही त्यांच्यासाठी: बिचारा, एकटा पाखरू. आम्ही त्याला मराठी शिकवण्यात गुंतलो होतो. त्याची भाषा कळली ती अक्कांना.

हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या प्रदेशातला. त्याच्या शास्त्रीय नावातले 'हॉलंडिकस' हे 'न्यू हॉलंड' या त्या खंडाच्या जुन्या नावावरून आलेले आहे. पाणी आणि गवताचे बी जिकडे असेल तिकडे हे पक्षी थव्याने जातात. थव्यात एकाने हाक द्यायची, दुसऱ्याने ओ द्यायची. म्हणजे आपण सगळे इथेच आहोत याची खात्री पटते. आपण खोलीबाहेर गेलो की कॉकॅटील ओरडतो ती हीच हाक. आमचा बंड्या रोज आठ तास हाक देत होता आणि ओ येत नव्हती. पिंजऱ्यात आम्ही एक आरसा टांगला होता. त्यातल्या पक्ष्याला तो स्वतःच्या चोचीतला घास काढून भरवू पाहायचा. आम्ही त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवला, हे सांगायला आज लाज वाटते.

त्यानंतर आम्ही दुसरा आणला, २०२२ च्या पावसाळ्यात. रविवारी दुपारी आणला आणि संध्याकाळी बंड्याच्याच पिंजऱ्यात सोडला. नवा पिसे फुगवून एका कोपऱ्यात बसला. बाबा म्हणाले, लाजतो आहे. दुसऱ्या दिवशीही फुगलेलाच, विष्ठा पाण्यासारखी. चौथ्या दिवशी सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला होता. त्याचे नावही ठेवायचे राहून गेले होते. दोन दिवसांनी बंड्या तसाच फुगून बसला, तेव्हा कुठे आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी त्याला तोलून पाहिले, तो भरला ७४ ग्रॅम. असा पक्षी साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असायला हवा. मग त्यांनी शांतपणे विचारले, "नवा पक्षी वेगळा किती दिवस ठेवला होता?" बाबा माझ्याकडे पाहू लागले आणि मी जमिनीकडे.

पोपटवर्गातल्या पक्ष्यांना होणारा आणि त्यांच्यापासून माणसालाही लागणारा सिटॅकोसिस नावाचा एक ज्वर आहे. डॉक्टरांना त्याची शंका आली. बंड्याला दीड महिना औषध चालले. आम्हा सगळ्यांनाही खोकला-ताप आला तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना पक्ष्याची हकीकत सांगा, अशी ताकीद मिळाली. बंड्या वाचला. दुसरा पक्षी आजारी आहे हे आम्हाला वेळेत कळले असते का, ठाऊक नाही. पण तो दुसऱ्या खोलीत असता तर निदान बंड्यावर ती पाळी येती ना.

म्हणून तिसऱ्या खेपेला आम्ही वर्षभर थांबलो. नवा पक्षी, पांडू, माडीवरच्या खोलीत पंचेचाळीस दिवस वेगळा राहिला. त्याची भांडी वेगळी, त्याला हात लावला की साबणाने हात धुणे आले. गंमत म्हणजे त्या दोघांची ओळख मध्ये जिना असतानाच झाली. बंड्या खालून हाक द्यायचा, पांडू वरून ओ द्यायचा, आणि बंड्याचे ते दिवसभराचे केकाटणे आठवडाभरात थांबले. मग पंधरा दिवस दोन पिंजरे शेजारी शेजारी. मग दोघांनाही बंड्याच्या पिंजऱ्यात नव्हे, तर माडीवर मोकळे सोडले, जिथे मालकी कुणाचीच नव्हती. तरीही भांडले. सगळ्यांत वरची काठी कुणाची यावरून फुसफुसणे, चोची उगारणे चालले होते. तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद नवा पिंजरा, दाण्याची दोन भांडी, पाण्याची दोन भांडी आणि सारख्या उंचीच्या दोन काठ्या एवढे झाल्यावर तह झाला.

दुकानदाराचे भाकीत आता खरे ठरले. बंड्या माझ्या खांद्यावर पूर्वीसारखा येईना. आला तरी कान मागे, पांडूकडे. मला त्याचे वाईट वाटले, अगदी हेवा म्हणावा इतके. दोन आणणाऱ्याने याची तयारी ठेवावी. आपण त्याच्या आयुष्यातले एकमेव माणूस राहत नाही, आणि ते तसेच असायला हवे, हे म्हणायला सोपे आहे. खांदा रिकामा असताना जड जाते.

पुढे पांडूने अंडी घातली! लहान वयात या पक्ष्यांची नर-मादी दिसायला सारखीच. पहिली पिसे झडल्यावर फरक कळतो. पाच अंडी. उबवणीचे काम दोघे वाटून घेतात, दिवसा बहुधा नर आणि रात्री मादी. आमचा बंड्या वेळापत्रक इतके चोख पाळी की प्राध्यापकांनीही मान डोलवावी. पण पिलांचे काय करायचे? पुन्हा कुठल्या तरी दुकानातच ती जाणार ना? आम्ही अंडी उकळून, गार करून परत ठेवली. नुसती काढून घेतली तर मादी आणखी घालत राहते आणि तिच्या हाडांतला चुना त्यात खर्ची पडतो. तीन आठवड्यांनी दोघांनी कंटाळून नाद सोडला. काहींना हे क्रूर वाटेल. आईलाही वाटले. मला अजूनही दुसरा मार्ग दिसत नाही. पुढच्या वेळी दोन नर किंवा दोन माद्या आणाव्यात एवढेच सुचते.

कुणी म्हणेल, मुळात पिंजराच कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडचे रानपोपट पाळणे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि तो कायदा योग्यच आहे. पण पिंजऱ्यातच जन्मलेला कॉकॅटील बेळगावच्या आभाळात सोडणे म्हणजे त्याला कावळ्यांच्या हवाली करणे. जो आहे त्याचे नीट करावे, नवा आणताना दहादा विचार करावा. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून असा नियमच आहे की कळपाने राहणारे प्राणी, अगदी गिनीपिग आणि पोपटसुद्धा, एकटे ठेवायचे नाहीत. आपल्याकडे असा नियम झाला तर मला आनंद होईल, पण त्या दिवशी दुकानांत जी झुंबड उडेल तिची भीतीही वाटते. दुसऱ्या पक्ष्याची सोय म्हणून लव्हबर्ड घेऊन येणारेही पाहिले आहेत. नाव गोड, चोच वाईट. कॉकॅटीलच्या पायाची बोटे फोडतो. घरात दम्याचे माणूस असेल तर आणखी विचार करावा, कारण या पक्ष्यांच्या अंगची पांढरी भुकटी सगळीकडे बसते आणि दोन पक्षी म्हणजे दुप्पट भुकटी. दिवसभर घरी असणारे, पक्ष्याशी बोलत बसणारे एखादे निवृत्त गृहस्थ एकटा पक्षी सुखात ठेवू शकतात, हे मी मान्य करते. कॉलेजच्या विद्यार्थ्याने तो दावा करू नये.

विद्यार्थ्यांना आणखी एक विचारावेसे वाटते. हा पक्षी पंधरा-वीस वर्षे जगतो. तुमची पदवी तीन वर्षांची आहे. मी आता शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे एम.एस्सी.ला धारवाडला जायचे घाटते आहे. वसतिगृहात पक्ष्यांना जागा नाही. आई-बाबा आहेत, पण दिवसभराचा प्रश्न पुन्हा तोच. शेवटी अक्काच म्हणाल्या, दिवसा पिंजरा आमच्या ओसरीवर ठेवा. अट एकच, सूर्यफुलाची टरफले त्या झाडणार नाहीत. दिवाळीपासून आठवड्यातले दोन दिवस आम्ही पिंजरा तिकडे ठेवतो, सवय व्हावी म्हणून. पांडू अजून तिथे जरा बिचकते. बंड्याने मात्र अक्कांच्या दाराची घंटा उचलली आहे, आणि आता आमच्या घरी ती वाजली की आई उठून दार उघडायला जाते.