महामार्ग खुला झाला. सानगडीच्या गाडीचे काय?

साकोलीला महामार्गाच्या कडेला अर्धा तास उभे राहिले, तर बसवाहतूक खुली करावी की नाही या वादातली निम्मी हवा निघून जाते. नागपूरकडे आणि रायपूरकडे जाणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्स येतात, क्लीनर दारात लोंबकळत ‘भंडारा, नागपूर’ म्हणून ओरडतो, माणसे चढतात, गाडी सुटते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे या गाड्यांचा परवाना कंत्राटी वाहतुकीचा. ठरलेले उतारू ठरलेल्या ठिकाणी न्यायचे, वाटेत चढउतार करायची नाही. टप्प्याटप्प्याने प्रवासी घेणे हे एस.टी.चे काम. कायदा पुस्तकात आहे आणि क्लीनर दारात आहे.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एस.टी. निघाली. या सेवेमागचा हिशेब साधा होता. वर्दळीच्या मार्गावर मिळालेल्या पैशातून आडवाटेची तूट भरून काढायची. नागपूरच्या गाडीने कमवायचे, सानगडी-एकोडीच्या गाडीने खर्च करायचे. आता महामार्गावरच्या कमाईत ट्रॅव्हल्स वाटेकरी झाल्या आणि आडवाट मात्र एकट्या एस.टी.च्या गळ्यात राहिली. वर तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर. शिवाय २०२१-२२ चा तो कित्येक महिन्यांचा संप आणि महामंडळाचा स्वतःचा ढिसाळपणा. संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचे जून २०२५ च्या श्वेतपत्रिकेत वाचून ज्यांना धक्का बसला, त्यांनी हा जमाखर्च कधी मांडला नसावा.

‘मग खेड्यांचे रस्तेही खुले करा’ असे सांगणारे भेटतात. अहो, तेही खुलेच आहेत! तिथे काळी-पिवळी आहे. ती घड्याळावर सुटत नाही, भरल्यावर सुटते. आणि भरली कधी म्हणायचे, हे ड्रायव्हर ठरवतो. तिला दोष देणे सोपे आहे, पण बाजाराच्या दिवशी तिच्यावाचून माणसे घरी पोचणार नाहीत, हेही खरे. जून २०१९ मध्ये साकोली-लाखांदूर मार्गावर कुंभलीजवळ चुलबंद नदीच्या पुलावरून अशीच एक प्रवासी गाडी खाली कोसळली. सहा जण गेले. त्यांत शिकणाऱ्या मुली होत्या.

खेड्यातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास फुकट मिळतो. मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तेही नाही. पण हा पास काळी-पिवळीत चालत नाही. फेरी रद्द झाली की पास म्हणजे नुसता कागद. मुलीने रोज जीपचे पैसे मागितले की कुठल्या घरी शिक्षण थांबते, हे धानाच्या पट्ट्यातल्या वाचकांना मी सांगायला नको.

सगळे मोकळे सोडले की काय होते, ते पाहायला फार लांब जावे लागत नाही. मध्य प्रदेशाने आपले परिवहन महामंडळ गुंडाळण्याचा निर्णय २००५ मध्ये घेतला. एप्रिल २०२५ मध्ये त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने नवी परिवहन योजना मंजूर केली. गाड्या खासगीच राहतील, पण मार्ग आणि वेळा यांवर सरकारी कंपनीचा ताबा असेल. वीस वर्षांनी सुचलेले शहाणपण. इंग्लंडने १९८६ मध्ये लंडन वगळून बसवाहतूक खुली केली. गर्दीच्या रस्त्यांवर कंपन्यांची झुंबड उडाली आणि आडवाटांच्या फेऱ्या स्थानिक संस्थांना पैसे मोजून चालवून घ्याव्या लागल्या. मँचेस्टरने २०२३ ते २०२५ या काळात आपल्या बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या. आपल्याला मात्र दुसऱ्याच्या पायात रुतलेला काटा पुरत नाही, स्वतःचाच लागतो.

माझी नोकरी बँकेतली, म्हणून एक जुना दंडक आठवतो. १९७७ मध्ये रिझर्व्ह बँकेने ठरवले, की जिथे बँका आहेत अशा गावी एक शाखा हवी असेल, तर जिथे बँकच नाही अशा ठिकाणी चार उघडा. आम्ही अधिकारी कुरकुरलो. बदलीचे गाव नकाशात शोधावे लागे. पण शाखा निघाल्या, कारण शहरातल्या शाखेचा परवाना त्यावर अडलेला होता. १९९० मध्ये हा दंडक गेला आणि खेड्यांत नव्या शाखा निघणे जवळजवळ थांबले.

बसच्या बाबतीत हेच का करू नये? नागपूर-गोंदिया किंवा नागपूर-रायपूर मार्गावर टप्पा वाहतूक करायची आहे ना? खुशाल करा, चोरून कशाला? पण त्याच परवान्यात साकोली तालुक्यातल्या चार फेऱ्या घ्या. ज्याला त्या चालवायच्या नसतील, त्याने तेवढे पैसे एस.टी.च्या साकोली आगाराला द्यावेत. खासगी मालक महिनाभर फेरी चालवून नंतर ‘गाडी नादुरुस्त’ म्हणेल, हा आक्षेप रास्त आहे. शाखा उघडून अर्धा वेळ कुलूप लावणारे मीही पाहिले आहेत. तिथे तपासणी आणि दंड, दोन्ही लागले. इथेही परवान्यावर गावाचे नाव आणि सुटण्याची वेळ छापावी. ठरावीक फेऱ्या चुकल्या, तर त्या आठवड्यात नागपूरची गाडी उभी राहील, अशी अट असावी. मुलींचा पास त्या गाडीतही चालावा आणि त्याची भरपाई सरकारने एस.टी.ला देते तशीच मालकाला द्यावी. चुकलेल्या फेरीची नोंद ग्रामपंचायतीने करावी, कारण साडेपाचला शाळेसमोर गाडी आली की नाही, हे भंडाऱ्याच्या कार्यालयात बसून कळत नाही.