प्रेक्षकाच्या नावाने

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' सर्वांसाठी लागला. दरवर्षी या दिवशी आपण दादासाहेब फाळके यांच्या जिद्दीची आठवण काढतो. पत्नी सरस्वतीबाईंचे गहाण पडलेले दागिने, विम्याच्या पॉलिसी, रात्ररात्र जागून घरातच फिल्मला पाडलेली भोके, तारामती व्हायला एकही बाई तयार होईना म्हणून ग्रँट रोडच्या खानावळीतून आणलेले साळुंके, हे सारे आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. या कथेचा पुढचा भाग मात्र क्वचितच कोणी सांगतो. यश मिळाल्यानंतर फाळक्यांचे काय झाले, हा तो भाग. मराठीत आज चित्रपट किंवा मालिका करणाऱ्या कोणालाही तो आपल्याच घरचा वाटेल.

१९१७ मध्ये 'लंकादहन' आला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांनीच केल्या होत्या. लोकांनी तो अक्षरशः डोक्यावर घेतला. तोवर फाळक्यांना दारात उभे न करणारे भांडवलवाले आता आपणहून आले आणि १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. पैसा भागीदारांचा, काम फाळक्यांचे. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालिया मर्दन' हे चित्रपट या कंपनीचे. 'कालिया मर्दन'चा जो भाग सुदैवाने शिल्लक आहे, त्याची सुरुवात पाहण्यासारखी आहे. फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर येते, चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणते, आणि पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. ही आमची मुलगी, आता तिच्यात देव पाहा, असे प्रेक्षकाला उघड सांगून सुरू होणारा हा पौराणिक चित्रपट आहे. समोरच्या माणसाच्या समजेवर केवढा विश्वास असेल, तेव्हा एखादा दिग्दर्शक असे करू धजेल!

आणि याच सुमारास कंपनीत खटके उडू लागले. खर्च किती करायचा, वेळ किती घ्यायचा, कोणाचा शब्द अखेरचा मानायचा, यावरून वाद वाढले. शेवटी फाळके कंपनी सोडून सरळ काशीला निघून गेले. आपण चित्रपटाच्या धंद्यातून उठलो, असे त्यांनी जाहीर केले. तिथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचे लांबलचक नाटक लिहिले. पुढे काही वर्षांनी ते परतले ते त्याच कंपनीत, पण पगारी माणूस म्हणून. ज्याने या देशाला चित्रपट करून दाखवला, तो पन्नाशीत आपल्याच कंपनीत नोकरीला लागला.

फाळक्यांची बाजू सोळा आणे खरी होती, असे आम्ही म्हणत नाही. त्यांचा हात सढळ होता, स्वभाव हट्टी होता, आणि भागीदारांनी घातलेला पैसा खराखुरा होता. हिशेब मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पण हिशेब मागणे वेगळे आणि काय दाखवायचे, कसे दाखवायचे हे सांगणे वेगळे. भागीदारांना जो प्रेक्षक आयता मिळाला, तो फाळक्यांनी गावोगाव फिरून, एकेक करून जमवलेला होता. सुरतेला 'राजा हरिश्चंद्र'च्या पहिल्या दिवशी गल्ल्यात जेमतेम तीन रुपये जमले, अशी हकिकत सांगतात. तिथल्या भागीदाराने खेळ बदलायचा धोशा लावला. फाळक्यांनी चित्रपटाला हात लावला नाही, जाहिरात तेवढी बदलली. तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र पाहायला मिळेल, असे त्यांनी लोकांना सांगितले, आणि लोक आले. आपल्या माणसांशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे फाळक्यांना ठाऊक होते.

मनोरंजनाच्या धंद्यात सर्वांत अधिक वेळा उच्चारले जाणारे वाक्य कोणते असेल, तर ते "हे लोकांना चालणार नाही" हे. लेखकाच्या पहिल्या बैठकीत ते निघते, संकलनाच्या टेबलावर निघते, शो ठरवताना निघते. ज्या लोकांच्या नावाने ते उच्चारले जाते, ते लोक त्या खोलीत कधीच नसतात. प्रेक्षकाचे हे मुखत्यारपत्र असे बोलणाऱ्यांना कोणी दिले, हा आमचा प्रश्न आहे.

मराठीत एक काळ असा होता की मालक आणि कारागीर ही वेगळी माणसे नव्हती. १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली, तेव्हा तिच्या पाच भागीदारांपैकी शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली काम करून आलेले. सेट रंगवणे, कॅमेरा चालवणे, ध्वनी सांभाळणे या कामांत त्यांचे हात मळलेले होते. १९३६ चा 'संत तुकाराम' मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक काळ चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. आता एवढे यश आले की आजचा कोणताही व्यवहारी माणूस पुढची पाच वर्षे संतपटांचाच रतीब घालायला सांगेल. प्रभातने पुढच्याच वर्षी 'कुंकू' काढला. म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला ठाम नकार देणारी तरुण मुलगी त्यात नायिका आहे. त्यानंतर दोनच वर्षांत 'माणूस' आला, एक पोलीस शिपाई आणि एक वेश्या यांची गोष्ट सांगणारा. पांडुरंगाच्या भक्तीत रंगलेल्या त्याच प्रेक्षकाने हे चित्रपटही पाहिले. आपला प्रेक्षक एका वेळी एकच गोष्ट पचवू शकतो, ही समजूत तेव्हाच खोटी ठरली होती.

१९७१ सालचा 'सोंगाड्या'चा प्रसंग सर्वश्रुत आहे. लालबाग-नायगावच्या गिरणगावात वाढलेले दादा कोंडके 'विच्छा माझी पुरी करा'च्या प्रयोगांनी महाराष्ट्र गाजवून पडद्यावर आले होते. दादरच्या कोहिनूरमध्ये ठरलेला त्यांचा चित्रपट डावलून देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचे मालकाने ठरवले. दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि 'सोंगाड्या' लागला. लागला तो रौप्यमहोत्सव करूनच उतरला. ही गोष्ट नेहमी विजयाची म्हणून सांगितली जाते. आम्हाला तिच्यात एक दुखरी बाजूही दिसते. नाक्यावरच्या प्रत्येक माणसाला जे दिसत होते, ते त्या थिएटरच्या मालकाला दिसले नाही, आणि त्याला ते दाखवायला जमाव लागला. ज्यांना असा कोणी पाठीराखा मिळाला नाही, त्या कलावंतांचे किती चित्रपट दुसऱ्याच आठवड्यात उतरले असतील, याची मोजदाद कोणाकडेही नाही.

आता अलीकडचे पाहू. २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. करमाळ्याची बोली, पडद्यावर कधीही न दिसलेली दोन मुले, आणि शेवटी अख्खे थिएटर गप्प करणारा तो मुका प्रसंग. कोणत्याही तयार ठोकताळ्यात हे बसत नव्हते. मराठीत शंभर कोटींचा गल्ला ओलांडणारा तो पहिला चित्रपट ठरला. न्यायाने सांगायचे तर त्यामागे एक मोठी कंपनी उभी होती आणि तिने मंजुळ्यांना त्यांच्या पद्धतीने चित्रपट करू दिला. अधिकाऱ्याने विश्वास टाकला की काय होते, याचा हा पुरावा आहे. पण त्याच गोष्टीचा हिंदी अवतार, २०१८ चा 'धडक', पाहा. गोष्ट उदयपूरच्या राजवाड्यांत गेली, नवे चेहरे आले, आणि जिच्यामुळे 'सैराट'मधल्या अर्ची-परशाचा जीव गेला ती जात जवळजवळ पुसली गेली. पैसे त्यानेही मिळवले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण देशभरातल्या प्रेक्षकाला जातीचे नाव ऐकवणार नाही, असे कोणीतरी आधीच ठरवून टाकले. ज्या देशात लग्नाच्या जाहिराती पोटजातींप्रमाणे छापल्या जातात, तिथल्या प्रेक्षकाला जात समजत नाही काय?

मालिकांच्या जगात हा रोग सर्वांत खोल गेला आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. बहुतेक मालिकांची मालकी वाहिनीकडे असते. निर्माता कंत्राटावर काम करतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि या तिघांच्या वर वाहिनीचा क्रिएटिव्ह विभाग. गुरुवारी टीआरपी येतो. आकडा घसरला की शुक्रवारी ट्रॅक बदलतो. मरायचे ठरलेले पात्र जगते, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली नायिका पुन्हा स्वयंपाकघरात रडू लागते, आणि गेलेली खलनायिका परत येते. बारा-बारा तास चालणाऱ्या शूटिंगमध्ये नट मेकअप करून बसलेले असतात आणि सीन मोबाइलवर गरमागरम येतात. अशा घाईत लिहिणारा लेखक वाईट असतो असे नव्हे. त्याला विचार करायला वेळच दिला जात नाही.

हा टीआरपी म्हणजे तरी काय? देशभरातल्या पन्नास-साठ हजार घरांत बसवलेल्या मीटरांवरून काढलेला अंदाज. कोणत्या घरात कोणती वाहिनी किती वेळ सुरू होती, एवढे तो सांगतो. ती आवडली म्हणून सुरू होती, की भाजी निवडताना सोबत म्हणून, हे तो सांगू शकत नाही. त्याची खरी मर्यादा याहून मोठी आहे. जे दाखवले गेले त्यालाच गुण मिळतात. जे कधी बनूच दिले नाही, त्याचा टीआरपी कोण काढणार? "लोक हेच पाहतात" हे म्हणणे म्हणूनच अर्धे खरे आहे. समोर वाढलेल्यातलेच माणूस खातो.

'चार दिवस सासूचे'चे तीन हजारांहून अधिक भाग झाले. लोकांनी ती मालिका मनापासून पाहिली आणि त्या आवडीला नाके मुरडण्याचे काहीही कारण नाही. पण त्याच लोकांनी १९९९ मध्ये 'आभाळमाया'तल्या प्राध्यापक सुधा जोशीला आपली मानले होते. नवऱ्याने दुखावलेली, तरी ताठ मानेने कामाला जाणारी, मुलींशी मोकळेपणाने बोलणारी ही बाई घराघरांत पोचली. 'अग्निहोत्र'चा गुंतागुंतीचा वाडाही लोकांनी धीराने पाहिला. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या प्रेक्षकाला सुधा जोशी कळली, त्याच्या आज शिकलेल्या लेकीसुनांना विष, कारस्थान आणि हरवलेल्या स्मृतीपलीकडे काही कळणार नाही, हा निष्कर्ष कुठून आला?

त्या लेकीसुना, आणि त्यांच्या आयाही, संधी मिळाली की उत्तर देतात. २०२३ मध्ये केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी, बहुतेकींची तारुण्याची वर्षे मागे पडलेली, आणि मंगळागौरीची स्पर्धा. तरुण नायक नाही, हाणामारी नाही. बायका घोळक्याने आल्या, कोणी नऊवारी नेसून आल्या, सोसायट्यांनी अख्खे शो भरले. चित्रपटगृहाचा प्रेक्षक म्हणजे पंचविशीतला मुलगा, असे मानणाऱ्यांच्या हिशेबात ही बाई कधी धरलेलीच नव्हती. ती मात्र कित्येक वर्षे घरात बसून तिच्याबद्दलच्या चित्रपटाची वाट पाहत होती.

आणि पडदा? मराठी चित्रपटाला सकाळी साडेनऊचा शो मिळतो, तोही शहराच्या एका टोकाला. डोंबिवलीहून मुंबईत कामाला येणाऱ्या माणसाने तो कधी पाहायचा? सोमवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की "लोक येत नाहीत" म्हणून चित्रपट उतरतो. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवायला सांगितले, त्यावर वाद झाला, वेळेची व्याख्या सैल झाली, आणि गाऱ्हाणे जिथे होते तिथेच राहिले.

कलावंतही चुकतो, हे मान्य करायलाच हवे. काशीहून फाळक्यांनी आणलेले 'रंगभूमी' नाटक चालले नाही. १९३७ चा त्यांचा बोलपट 'गंगावतरण' हा अखेरचा ठरला, पुढे त्यांना काम उरले नाही. पण ती पडझड त्यांच्या स्वतःच्या कामाची होती आणि निवाडा प्रेक्षकाने काम पाहून दिला होता. असा निवाडा कलावंताला सोसावाच लागतो, आणि बहुतेकांची त्याला तयारी असते. त्यांना सोसत नाही तो न पाहताच दिलेला निवाडा.

म्हणून आमचे सांगणे अगदी साधे आहे. वाहिन्यांनी नव्या मालिकेच्या लेखकाला पहिले तीन महिने तरी आकड्यांच्या धाकाबाहेर ठेवावे. मल्टिप्लेक्सवाल्यांनी मराठी चित्रपटाला दोन आठवडे संध्याकाळचा एक शो द्यावा आणि मग खुशाल हिशेब करावा. लेखक, गीतकार, संगीतकार यांनी करारावर सही करताना २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने दिलेला रॉयल्टीचा हक्क विसरू नये. तो लिहून सोडून देता येत नाही. आणि वाचकहो, तुमच्याही हाती काही आहे. मराठी चित्रपटाचे भवितव्य हल्ली पहिल्या शुक्रवार, शनिवार आणि रविवारी ठरते. "टीव्हीवर येईल तेव्हा पाहू" म्हणू नका. याच आठवड्यात तिकीट काढा. आणि जवळच्या थिएटरात संध्याकाळचा शो नसेल, तर मॅनेजरला भेटून तो का नाही, हे विचारा.