मोगलीचे सोबती

महाळुंग्यास आमच्या घरीं परवां वाद झाला. नातवंडांच्या मतें ‘बालू’, ‘अकेला’ हीं नांवें अस्सल इंग्रजी! आपलेच शब्द परकी टोपी घालून आले कीं मुलांना ओळखूं येत नाहींत. ‘जंगल बुक’ १८९४ सालचें. पण किप्लिंगसाहेब जन्मले मुंबईस, १८६५ त. आयेच्या व गड्याच्या तोंडची हिंदुस्थानी ऐकत ते पांच वर्षांचे झाले. म्हणून अस्वल तो भालू, लांडग्यांचा एकांडा नायक अकेला, घार ती चील. ‘शेरखान’ हा किताब, म्हणतात, वाघ मारणाऱ्या फरीद पठाणास मिळाला होता. येथें तो वाघालाच! ‘मोगली’ म्हणजे बेडूक असें कथेंत आहे खरें, परंतु तो शब्द आपण मनानेंच रचिला, असें ग्रंथकारानें लिहून ठेविलें आहे. हें ऐकून धाकटी मात्र हिरमुसली.