ताठ कणा

‘ताठ बसा’ असे विद्यार्थ्यांना सांगण्यात माझी तीस वर्षे गेली. परंतु ताठ कणा बळकट असतोच असे नाही.

‘अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस’ हा मणक्यांचा दाहक संधिवात बहुधा तरुणपणीच जडतो. सकाळी आखडलेली कंबर विश्रांतीने नव्हे, हालचालीने सैल होते. रशियाच्या बेख्तेरेव्ह यांनी १८९३ साली व फ्रान्सच्या प्येर मारी यांनी १८९८ साली त्याचे वर्णन केले. दोघेही मज्जाविकारांचे वैद्य, हे सूचक होय. दीर्घकाळच्या दाहाने काहींचे मणके सांधले जाऊन कणा वेळूसारखा अखंड दिसतो. पण वेळूची लवचिकता त्यात नसते. ठिसूळ झालेला तो कणा साध्या पडण्यानेही, विशेषतः मानेत, मोडतो व मज्जारज्जूस इजा पोचते.

माझे एक सहशिक्षक न्हाणीघरात घसरले. जुनेच दुखणे समजून दोन दिवस घरी शेक चालला; तिसऱ्या दिवशी हातांतील बळ गेले. मान मोडली होती.

वाचकहो, असा रुग्ण पडल्यास व नवे दुखणे, बधिरता वा लघवीची तक्रार उद्भवल्यास तत्काळ इस्पितळ गाठावे. मात्र त्याची वाकलेली मान सरळ करू पाहू नये. जन्मभर ‘ताठ बसा’ म्हणणाऱ्या मास्तराचे हे सांगणे आहे.