खोट्या वस्तूचा धनी कोण?

वाशीच्या घाऊक बाजारात फळांच्या गाड्या येतात, हा नवी मुंबईचा रोजचा व्यवहार. त्याच फळांची स्मूदी करून, घाईघाईने ती पिऊन लोकल गाठणे ही आता नेरूळ-खारघरच्या नोकरदारांची आणि वसतिगृहातील विद्यार्थ्यांची सवय होत आहे. त्यासाठी बाटलीएवढा, एकट्यापुरता ब्लेंडर मोबाइलवरून मागविला जातो. वस्तू किरकोळ खरी. परंतु या किरकोळ खरेदीत दडलेला प्रश्न किरकोळ नाही.

मार्च २०२५ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने दिल्लीत ॲमेझॉन सेलर्स या कंपनीच्या गोदामांची पंधरा तास झडती घेतली आणि साडेतीन हजारांहून अधिक वस्तू जप्त केल्या. त्यांत गीझर होते, तसेच मिक्सरही होते. कित्येकांवर आयएसआय चिन्ह नव्हते आणि काहींवर ते खोटे होते. मालाची किंमत सुमारे ७० लाख रुपये. म्हणजे खोटा माल आता केवळ पदपथावर विकला जात नाही; तो नामांकित पेढ्यांच्या गोदामांतही विसावतो.

'सुमीत'चा मिक्सर १९६३ मध्ये आला, त्या काळी गिऱ्हाईक दुकानदाराला ओळखत असे. हमीपत्रावर त्याचा शिक्का असे आणि यंत्र बिघडले तर त्याला जाब विचारता येई. आज विक्रेता पडद्याआड आहे. त्याचे नाव छापलेले असते, पण माणूस सापडेलच याची खात्री नसते.

अस्सल वस्तूही फसते, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेत 'ब्लेंडजेट २' या ब्लेंडरची पाती तुटल्याच्या आणि यंत्र पेटल्याच्या तक्रारी आल्या. डिसेंबर २०२३ मध्ये अशी सुमारे ४८ लाख यंत्रे परत बोलावण्यात आली. हे शक्य झाले, कारण निर्माता ठाऊक होता आणि यंत्रावर अनुक्रमांक होता. खोटी वस्तू मात्र कोणी परत बोलावीत नाही, कारण तिला धनीच नसतो. खऱ्या आणि खोट्या मालातला खरा भेद किमतीचा नव्हे, तर या उत्तरदायित्वाचा आहे.

कायदा नाही असे नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचे नाव-पत्ता आणि वस्तूचा मूळ देश दाखविणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि तिचा निकाल महिन्याच्या आत मिळावयास हवा. परंतु याच नियमांत एक मोठी फट आहे. पुन्हा पुन्हा आक्षेपार्ह माल विकणाऱ्याची नोंद विक्रीमंचाने ठेवावी, असे नियम सांगतो; त्याला मंचावरून काढून टाकण्याचे बंधन मात्र घालीत नाही! २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला निकृष्ट २,२६५ प्रेशर कुकर परत घेण्याचा आदेश दिला, तेव्हा दंड ठोठावला तो एक लाख रुपये. एवढ्या दंडाने कोणाची झोप उडणार?

सरकार ही फट बुजवीपर्यंत ग्राहकाला डोळे उघडे ठेवावे लागतील. विजेच्या तारेवर चालणाऱ्या मिक्सरवर आयएस ४२५० हा क्रमांक व आयएसआय चिन्हाखाली परवाना क्रमांक असेल, तर तो 'बीआयएस केअर' या ॲपवर पडताळता येतो. बॅटरीवरच्या लहान यंत्राकडून बर्फ फोडण्याची अपेक्षा धरू नये. भांडे नीट बसल्यावाचून पाते फिरता कामा नये. दुरुस्ती जवळपास कोठे होते, हेही विचारावे. बिल आणि वेष्टण जपावे, खोका उघडतानाचे चित्रण करावे. फसगत झाल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. शिवाय आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही नाही.

परंतु शिक्षकाने आणि कारकुनाने पगारातून पैसे मोजावेत आणि वर मानक ब्यूरोच्या निरीक्षकाचे कामही करावे, हा न्याय नव्हे. विक्रीवर दलाली घेणाऱ्याने वस्तूची जबाबदारीही घेतली पाहिजे. नफ्याला धनी आहे आणि दोषाला नाही, असा बाजार फार काळ चालू देणे राज्यकर्त्यांना शोभत नाही.